शेकरवरचा चुरा

एक रुपयाची नोट हाताशी असेल तर ती उलटून पाहा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभी असलेली एक रिग दिसेल. तिचं नाव ‘सागर सम्राट’. जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेल्या या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल लागलं. २१ मे १९७६ पासून तिथलं तेल निघायला लागलं, आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलं.

नोटेवर रिग आली. त्या रिगच्या शेकरवर रात्रंदिवस पडणारा ओला, करडा, चिखलाने माखलेला चुरा मात्र कुठल्याच चित्रात आला नाही. खाली काय आहे हे पहिल्यांदा कळतं ते त्या चुऱ्यावरून. मी नोकरीची बहुतेक वर्षं त्याच्याच संगतीत काढली, आधी समुद्रावर आणि मग प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकापाशी. तेलाच्या शोधाबद्दल लिहिताना मंत्री येतात, करार येतात, बॅरलचे भाव येतात. मला लिहायचं आहे ते चुऱ्याबद्दल आणि तो जपणाऱ्या माणसांबद्दल.

आधी हा चुरा वर येतो कसा ते सांगतो. विहीर खोदताना पाईपच्या टोकाचं बिट खडक दळत खाली जातं. पोकळ पाईपमधून मड नावाचं घट्ट, जड द्रावण दाबाने खाली सोडतात. ते बिटाच्या भोकांतून बाहेर पडतं आणि पाईप व विहिरीची भिंत यांच्यातल्या फटीतून वर येताना दळलेला खडक सोबत आणतं. वर एक सतत थरथरणारी मोठी चाळणी असते, तो शेकर. मड गळून जातो आणि चाळणीवर कटिंग्ज, म्हणजे खडकाचा चुरा, उरतात. दर काही मीटरला त्यातला मूठभर माल उचलायचा, धुवायचा, वाळवायचा, कापडी पिशवीत भरायचा आणि पिशवीवर विहिरीचं नाव व खोली लिहायची. हे काम करतो तो सॅम्पल कॅचर. रिगवरच्या उतरंडीत अगदी तळाचा माणूस.

खरी मेख खोलीत असते. बिट या क्षणी १४०० मीटरवर असलं तरी शेकरवर या क्षणी पडलेला चुरा १४०० मीटरचा नसतो. तो अर्ध्या-पाऊण तासापूर्वी दळला गेलेला असतो. वर यायला लागणाऱ्या या वेळाला आम्ही लॅग म्हणतो. पंपाच्या ठोक्यांवरून त्याचा हिशेब करता येतो, पण विहिरीची भिंत कुठे ढासळून रुंद झाली असेल तर हिशेब चुकतो. मग जुना उपाय करायचा. नवीन पाईप जोडताना आत कॅल्शियम कार्बाइडचे खडे टाकायचे. आंबे चोरून पिकवायला वापरतात आणि त्यावर बंदी आहे, तेच हे कार्बाइड. मडमधल्या पाण्याशी त्याची गाठ पडली की ॲसिटिलीन वायू तयार होतो, मडबरोबर खाली जाऊन वर येतो, आणि गॅस डिटेक्टरच्या काट्याने उडी मारली की घड्याळ पाहायचं. पाईपमधून खाली जायला लागलेला वेळ वजा केला की खरा लॅग मिळतो. लाखो रुपयांची यंत्रं बाजूला ठेवून आम्ही पसाभर कार्बाइडवर विसंबायचो, आणि त्या कार्बाइडने आम्हाला कधी दगा दिला नाही.

माझ्या एका रिगवर उरणकडचा एक मुलगा सॅम्पल कॅचर होता. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. हात मात्र इतका नेटका की त्याच्या पिशव्या प्रयोगशाळेत दुरून ओळखू यायच्या. एका पावसाळी रात्री खोदाई अचानक वेगाने व्हायला लागली. कटिंग्जचा लोट आला, शेकरच्या जाळ्या तुंबल्या, मड बाहेर सांडायला लागला. शेकरवरच्या माणसांनी काही वेळ मड चाळणीला बगल देऊन सरळ टाकीत सोडला. त्या वेळात जो खडक वर आला तो टाकीच्या तळाशी गेला, कुणाच्याच हाती लागला नाही. तीन पिशव्या रिकाम्या राहिल्या.

रात्रपाळीवरच्या वरिष्ठाने त्याला सांगितलं, पुढच्या ढिगातला माल घे आणि तिन्ही भर, दगड सगळा सारखाच आहे. मुलगा ‘हो साहेब’ म्हणाला आणि पिशव्या तशाच घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. अंगावरचा मड अजून ओघळत होता.

“साहेब, एक इचारू? रिकामी पिशवी पाठवली तर चालंल का?”

“का रे, भरायला सांगितलंय ना?”

“सांगितलंय. पण हा माल त्या खोलीचा नाय. मी माझ्या हातानं खोटी खोली लिवणार नाय.”

मी त्याच्या हातातून पिशव्या घेतल्या, तिन्हींवर ‘नमुना नाही, शेकर बायपास’ असं लिहून खाली माझी सही केली. वरिष्ठ नाराज झाले, आणि ती नाराजी पुढे बरेच दिवस टिकली. पण विहीर खोदून झाल्यावर मोजमापाची यंत्रं खाली सोडायची वेळ आली, तेव्हा नोंदवहीतले ते तीन रिकामे रकाने सगळ्यांच्या नजरेत आले. तेवढ्या पट्ट्यात साइडवॉल कोअर घ्यायचे ठरले. यात केबलवर एक बंदूक खाली सोडतात, ती विहिरीच्या भिंतीत पोकळ गोळ्या झाडते आणि प्रत्येक गोळीत अंगठ्याएवढा खडक अडकून वर येतो. प्रयोगशाळेत ते तुकडे पाहिल्यावर कळलं की मायोसीन आणि ऑलिगोसीन या दोन कालखंडांची सीमा नेमकी त्याच पट्ट्यात होती. पिशव्या पुढच्या ढिगातल्या मालाने भरल्या असत्या तर ती सीमा कागदावर चुकीच्या जागी ओढली गेली असती, आणि शेजारच्या विहिरींशी जुळवताना सगळा नकाशा तिरका झाला असता. हे मी त्या मुलाला पुढच्या पाळीत सांगितलं. तो म्हणाला, “मग बरं झालं, साहेब,” आणि शेकरकडे गेला.

त्या सीमा कशा कळतात, याची गोष्ट मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत प्रिय आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या ह्यूस्टनला जावं लागेल.

१९२०च्या आसपास टेक्सासच्या किनारपट्टीवर तेलकंपन्या धडाधड विहिरी खोदत होत्या. खडकांचं वय ठरवायचं तर जीवाश्म हवेत, आणि शंख-शिंपल्यांचे मोठे जीवाश्म बिटाखाली पिठासारखे दळले जातात. एस्थर रिचर्ड्स या तरुण संशोधिकेने (लग्नानंतर त्या एस्थर ॲप्लिन झाल्या) सांगितलं की चुऱ्यातही न तुटता वर येणारे जीव आहेत. ते म्हणजे फोरॅमिनिफेरा. एकाच पेशीचे समुद्री जीव, स्वतःभोवती बहुधा चुन्याचं कवच बांधणारे, बरेचसे मिलिमीटरहूनही लहान. त्यांच्या जाती काळाप्रमाणे बदलत गेल्या, म्हणून कवच ओळखलं की खडकाचा काळ ओळखता येतो. १९२१ साली एका शास्त्रीय परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा विद्यापीठातल्या एका नामवंत प्राध्यापकाने भर सभेत त्यांचं म्हणणं झिडकारलं. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी आपल्याला काय शिकवणार, असा त्यांचा सूर होता.

एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग नायकर या तिघी तीन वेगवेगळ्या तेलकंपन्यांत नोकरीला होत्या. कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. तरीही या तिघींनी आपापल्या विहिरींतल्या फोरॅमची माहिती एकमेकींशी ताडून पाहिली आणि १९२५ साली टेक्सास व लुइझियानाच्या किनारी प्रदेशातल्या जमिनीखालच्या थरांचा क्रम एकत्र प्रसिद्ध केला. त्यानंतर तेलकंपन्यांमध्ये सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रयोगशाळा उघडण्याची लाटच आली. आज तेलाची विहीर खोदताना ‘पॅलिओ’वाल्यांचं, म्हणजे जीवाश्म वाचणाऱ्यांचं, मत घेतलं जातं, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत या तिघी होत्या. भूशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत या तिघींची नावं येत नाहीत. ती यायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

मुंबईच्या समुद्रातही हेच जीव आमचे वाटाडे होते. मायोसीनच्या चुनखडीत मायोजिप्सिना भेटायची. तिथून खाली उतरत गेलं की ऑलिगोसीनमधली लेपिडोसायक्लिना, आणि आणखी खाली इओसीनमध्ये नुम्युलाइट्स. नुम्युलाइट्स तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, काही नाण्याएवढे असतात. कच्छमध्ये ते जमिनीवर सहज सापडतात, आणि इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडांतही तेच भरलेले आहेत. आपल्याकडे या अभ्यासाची परंपरा चांगली आहे. पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली उभ्या केलेल्या संस्थेत, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, सूक्ष्मजीवाश्मांवर दीर्घकाळ काम झालं. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला आहे, तिथेही समुद्रतळाच्या गाळातले फोरॅम वाचणारी माणसं आहेत. डेहराडूनला १९६२ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची संशोधन संस्था निघाली, तिला पुढे केशवदेव मालवीय यांचं नाव दिलं गेलं. स्वतंत्र भारताला स्वतःचं तेल शोधता येईल हा आग्रह मालवीयांनी धरला, म्हणून हे नाव तिथे शोभतं.

आता फसगतीचे किस्से. या व्यवसायात खडक फसवत नाही. त्यात आपणच जे मिसळतो ते फसवतं.

कटिंग्जमध्ये तेलाचा अंश आहे का हे पाहायला एक काळी पेटी असते. आत अतिनील दिवा. तेल असेल तर चुरा अंधारात उजळतो. जड तेल तपकिरी-नारिंगीकडे झुकतं, हलकं तेल निळसर-पांढरं दिसतं. पहिल्यांदा ते पाहताना अंगावर काटा येतो, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. कारण पाईपच्या आट्यांना लावलेलं ग्रीसही असंच उजळतं, सांडलेलं डिझेलही, आणि काही खनिजंसुद्धा. आमच्या एका नव्या सहकाऱ्याने पेटीत सोनेरी चमक पाहिली आणि पहाटे सगळ्यांना उठवलं. शेजारी एक जुने भूशास्त्रज्ञ होते. त्यांनी चिमट्याने एक खडा उचलला, बारीक हातोडीने फोडला आणि परत पेटीत ठेवला. “आतून चमकतोय का सांग.” आतून खडा काळाच होता. चमक फक्त सालीवर, म्हणजे ग्रीस. खडा आतूनही उजळला तर त्याच्यावर द्रावकाचा थेंब टाकायचा. तेल असेल तर चमकणारा धूर पसरल्यागत ते द्रावकात उतरतं, खनिज असेल तर ढिम्म राहतं. त्या गृहस्थांनी नवख्याला एका शब्दाने कमी लेखलं नाही. उलट म्हणाले, “उठवलंस ते बरोबर केलंस. झोपलेला जिऑलॉजिस्ट कामाचा नाही.”

दुसरी फसगत प्रयोगशाळेतली. एका विहिरीच्या नमुन्याची स्लाइड पाहताना आमच्या एका तरुण सहकारी बाईंना चुनखडीच्या कणांमध्ये स्पष्ट पेशींची रचना दिसली. जाड भिंतींच्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशी, निःसंशय वनस्पतीच्या. खुल्या समुद्रात तयार झालेल्या चुनखडीत लाकूड? मग किनारा जवळ असणार, खाजणाची झाडं असणार, नदीचं मुख असणार. दुपारपर्यंत फळ्यावर प्राचीन किनाऱ्याचा नकाशा उभा राहिला. संध्याकाळी विभागातले वडीलधारे सर आले, सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि रिगवर फोन लावला. विचारलं एवढंच, “त्या खोलीला मड गळत होता का?” गळत होता. चुनखडीत पोकळ्या लागल्या की मड त्यांत शिरून नाहीसा होतो, आणि त्या बुजवायला अभ्रकाचे पापुद्रे, अक्रोडाच्या टरफलांचा भरडा असं काहीबाही विहिरीत ओततात. बाईंनी पाहिल्या त्या अक्रोडाच्या पेशी. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. रिगवरून आलेल्या कागदावर मात्र टरफलं टाकल्याची नोंद कुणी केली नव्हती.

पण त्या अक्रोडामुळे एक खरी माहितीही हाती आली: त्या खोलीला खडकात पोकळ्या आहेत. आणि बॉम्बे हायची सगळी कहाणीच पोकळ्यांची आहे.

१९६०च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंभातच्या आखातात आणि त्याबाहेर भूकंपन पद्धतीने पाहणी केली. समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा असल्याचं त्या काळात लक्षात आलं. पण अशी पाहणी खडकाचा आकार दाखवते. आत तेल आहे, पाणी आहे की काहीच नाही, हे बिट खाली गेल्याशिवाय समजत नाही. तेल मिळालं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडीत, ज्या थराला तिथली माणसं ‘एल-थ्री’ म्हणतात. उथळ, उबदार समुद्रात साठलेले चुन्याचे थर, मधूनमधून शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या दगडाच्या, पातळ पट्ट्या. समुद्राची पातळी अधूनमधून खाली जायची, चुनखडी उघडी पडायची, पावसाचं पाणी तिच्यात मुरून चुना विरघळवायचं. त्या विरघळलेल्या जागा पुढे तेलाची कोठारं झाल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाने आपल्या तेलाची जागा तयार करून ठेवली, हे मला अजूनही थक्क करतं.

या पोकळ्या डोळ्यांनी पाहायची युक्ती सुंदर आहे. खडकाच्या तुकड्यात निळ्या रंगाचं राळेसारखं रसायन दाबाने भरतात. ते घट्ट झालं की तुकडा काचेवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. एवढा पातळ दगड पारदर्शक होतो. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे निळं दिसेल तिथे मुळात पोकळी होती. एल-थ्रीच्या काही स्लाइड पाहताना वाटायचं, दगड कमी आणि निळाई जास्त. फोरॅमच्या कवचातले कप्पेसुद्धा निळे भरलेले. पण पोकळी असून भागत नाही, पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात, नाहीतर तेल हलणार नाही. त्याचं माप डार्सी या एककात घेतात. आँरी डार्सी हा फ्रेंच अभियंता दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी कसं झिरपतं हे मोजत होता. त्याचं पुस्तक १८५६ सालचं. नळाच्या पाण्यासाठी काढलेला नियम आज प्रत्येक तेलक्षेत्राच्या हिशेबात आहे.

तेलाची जागा कळली, तरी ते आलं कुठून हा प्रश्न वेगळा. जैविक अवशेषांनी समृद्ध अशी शेल खोल गाडली गेली आणि तापली की तिच्यातून तेल सुटतं. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस ही तेल तयार होण्याची पट्टी. त्याहून फार तापलं तर तेल मोडून वायू होतो. मुंबईच्या समुद्रात हा जनक खडक मुख्यतः पन्ना नावाच्या थरातला आहे. खडक किती तापला होता हे ओळखायला जुनी माणसं परागकण आणि बीजाणूंचा रंग पाहत. कढईत शेंगदाणे भाजताना रंगावरून अंदाज येतो, अगदी तसं. पिवळसर असेल तर कच्चा, नारिंगी-तपकिरी झाला तर तेलाला योग्य, काळा पडला तर हाताबाहेर गेला. १९७०च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी रॉक-इव्हॅल हे यंत्र आणलं. चिमूटभर दळलेला खडक त्यात टप्प्याटप्प्याने तापवतात आणि त्यातून काय किती सुटतं ते मोजतात. यंत्र आलं तरी आमच्या विभागातल्या एक बाई निवृत्त होईपर्यंत परागकणांचे रंग स्वतः पाहायच्या. यंत्राचा आकडा आणि त्यांचा रंग जुळला नाही तर नमुना पुन्हा तपासला जायचा. पुष्कळदा नमुन्यात वरच्या थराचा ढासळलेला चुरा मिसळलेला निघायचा आणि त्यांचंच खरं ठरायचं.

काही नमुने तर हाती येईपर्यंत नाहीसेच होतात. २००६ साली ‘जॉइडीज रिझोल्यूशन’ हे संशोधन-जहाज भारताच्या किनाऱ्यांवर गॅस हायड्रेट शोधत फिरलं, तेव्हा कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटचा जाड साठा सापडला. हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या जाळीत कोंडलेला मिथेन. समुद्राचा दाब सुटला की तो फसफसून जातो. जाताना आजूबाजूची उष्णता शोषतो, म्हणून कोअर, म्हणजे तळाखालून काढलेला अखंड दंडगोल, वर आला की लगेच त्याच्यावरून उष्णता पाहणारा कॅमेरा फिरवतात आणि थंड डाग जिथे दिसेल तेवढा भाग चटकन कापून गोठवतात. गोव्याच्या संस्थेतले शास्त्रज्ञही त्या मोहिमेत होते. तिथे दोन मिनिटांची दिरंगाई म्हणजे पुरावा गमावणं.

नातेवाईक, शेजारी, गावाकडची मंडळी, सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो: समुद्रात एवढं तेल, मग आपल्या जमिनीत का नाही? माझे एक मामा तर दर दिवाळीला विचारायचे, “आपल्या माळावर बोअर मारू का रे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, त्याच्यावर गंभीर संशोधन झालं आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या लोटांनी बहुतेक महाराष्ट्र झाकून टाकला. तो आपला काळा कातळ, बसाल्ट. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यापलीकडची जमीन खचत गेली, समुद्र आला आणि बसाल्टच्या वर कोट्यवधी वर्षं गाळ साठत राहिला. पन्नाची शेल, एल-थ्रीची चुनखडी ही सगळी त्या गाळातली. म्हणजे समुद्रात बसाल्ट खाली आणि तेलाचे खडक वर. जमिनीवर आपण बसाल्टवरच राहतो, वरचा गाळ इथे साठलाच नाही. राहिली ती बसाल्टच्या खालची शक्यता. लाव्हा येण्याआधीचे गाळाचे खडक खाली दडलेले असतील का? वरून भूकंपन पद्धतीने पाहायला जावं तर बसाल्टचे थर लहरी विखरून टाकतात, खालचं चित्र धूसर होतं. खात्री हवी तर भोक पाडायला हवं.

दोन ठिकाणी ते पाडलं गेलं, आणि दोन्ही वेळा कारण भूकंपाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विहीर खोदली. वरचे ३३८ मीटर बसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट प्राचीन पायाभूत खडक. कोयनेच्या परिसरात भूकंप समजून घेण्यासाठी विहिरी खोदल्या, त्यांतल्या पहिल्या विहिरीत सुमारे ९३० मीटर बसाल्ट संपल्यावर लगेच ग्रॅनाइट-नाइस लागला. मध्ये गाळाचा थर नाही. त्या कोअरचे तुकडे हाताळलेली माणसं सांगतात की लाव्हा जिथे जुन्या जमिनीवर टेकला तो सांधा पाहायला सगळे जमायचे. मामांना मी हेच सांगितलं. पण दोन जागांवरून सबंध महाराष्ट्राचा निकाल लावता येत नाही. वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर-यवतमाळकडे कोळसा असलेले गोंडवनाचे खडक बसाल्टच्या कडेला दिसतात आणि त्याच्याखाली शिरतात. गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पाद्रा इथे तर बसाल्टच्याच भेगांतून तेल निघतं. ते आजूबाजूच्या नव्या गाळातून तिथे शिरलेलं आहे, तरी काळ्या कातळात तेल राहू शकतं हे तिथे सिद्ध झालं.

हे सगळं आज सांगता येतं ते कुणीतरी कोअर जपले म्हणून. कोअर वर आला की त्याच्यावर लांबीभर दोन रेघा मारतात, एक लाल आणि एक काळी. वरचा भाग वर धरला की लाल रेघ उजवीकडे. तुकडे झाले तरी वर-खाली कळावं म्हणून ही पद्धत. एका जुन्या गोदामात मी कोअरच्या पेट्या पाहिल्या आहेत, त्यांच्यावरची लेबलं वाळवीने खाल्लेली, पावसाचं पाणी शिरून आतली शेल विस्कटलेली. ती विहीर खोदायला किती पैसा आणि किती माणसांच्या रात्री लागल्या असतील! लेबल गेलं की कोअर नुसता दगड उरतो. पुन्हा तोच खडक हवा तर पुन्हा विहीर. खनिज खात्यांनी, कंपन्यांनी, विद्यापीठांनी या गोदामांवर इमारतीच्या रंगरंगोटीइतका तरी खर्च करावा ही माझी जुनी मागणी आहे आणि ती मी करत राहणार.

एक काम मात्र तुम्हालाही करता येईल. महाराष्ट्रात दरवर्षी गावोगाव बोअरवेल खोदल्या जातात, मराठवाड्यात तर काही शेकडो फूट खोल जातात. प्रत्येक बोअर म्हणजे खडकाची फुकट तपासणी आहे, आणि तिचा चुरा बांधावर टाकून दिला जातो. तुमच्या शेतात बोअरची गाडी आली की दर दहा फुटांना मूठभर चुरा वेगळ्या पिशवीत भरा. काळ्या कातळाखाली पांढरी माती, वाळूचा दगड किंवा वेगळ्या रंगाचं काही लागलं तर त्या पिशव्या नक्की ठेवा. जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागात नेऊन द्या, किंवा जिल्ह्यातल्या भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. पिशवीवर गावाचं नाव, गट नंबर, तारीख आणि खोली लिहा. एखाद्या खोलीचा चुरा हाती लागला नाही, तर ती पिशवी रिकामी ठेवा आणि तसं तिच्यावर लिहा.